जखमी जवानाला पगारी माणूस द्या

गडचिरोलीच्या जंगलात भूसुरुंग फुटला की पुढचे काही तास आपली सगळी यंत्रणा शहाण्यासारखी वागते. हेलिकॉप्टर येतं, जखमी जवान नागपूरच्या दवाखान्यात पोचतो, तिथे डॉक्टर तयार असतात, रक्त द्यायला पोरं रांग लावतात. मंत्री येऊन विचारपूस करतात, फोटो निघतात. यात खोटं काही नाही. या धावपळीने कितीतरी जीव वाचले आहेत. माझी तक्रार आहे ती त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांबद्दल. पाय गुडघ्याखाली गेलेला तिशीतला माणूस ज्या गावात उरलेलं आयुष्य काढणार असतो, तिथे हेलिकॉप्टर उतरत नाही. एसटीसुद्धा फाट्यावरूनच वळते.

गेलेल्या जवानासाठी काय करायचं ते गावाला ठाऊक आहे. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात बुलढाणा जिल्ह्यातले दोन जवान गेले, तेव्हा लोक अंत्यदर्शनाला लोटले, गावागावांत चुली पेटल्या नाहीत. पण जखमी होऊन परत आलेल्याचं काय करायचं, हे मात्र कुणाला कळत नाही. पहिल्या पंधरा ऑगस्टला त्याला झेंड्याजवळ खुर्ची मिळते. दुसऱ्या वर्षी शाल-श्रीफळ. तिसऱ्या वर्षी तो स्वतःच जायचं टाळतो, आणि ग्रामपंचायतीलाही हायसं वाटतं.

अशा माणसांसाठी विदर्भातल्या प्रत्येक तालुक्याला एक पगारी माणूस नेमावा आणि तो शक्यतो फौजेतून निवृत्त झालेला असावा, एवढंच मला म्हणायचं आहे. त्यासाठी मंडळ नको, समिती नको, 'एक हात मदतीचा' छापाचा उपक्रम तर नकोच नको. हजेरी, पगार, प्रवासभत्ता आणि वर जाब विचारणारा साहेब असलेली साधी नोकरी हवी.

फौजेने काहीच केलं नाही असं मात्र नाही. पुण्यात कृत्रिम अंग केंद्र आहे, १९४४ पासूनचं. मणक्याला मार लागून कमरेखालचं अंग गेलेल्यांसाठी खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र चालतं. तिथलीच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट तर पहिल्या महायुद्धातल्या जखमी शिपायांना हातचं काम शिकवायला १९१७ साली निघाली. आपले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. त्यांचं नाव आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. मात्र त्यांचं पोहणं सुरू झालं ते उपचार म्हणून, हे आपण सोयीने विसरतो आणि 'जिद्द असली की सगळं होतं' म्हणून मोकळे होतो. जिद्दीला जवळपास तलाव लागतो, आणि पाण्यात उतरवणारा माणूस लागतो. या सगळ्या संस्था पुण्यात आहेत. आर्वी, मेहकर, एटापल्ली तिथून फार लांब.

नवा पाय बसवून मिळाला की काम संपलं, असं बाहेरच्याला वाटतं. खरी कटकट तिथून सुरू होते. कापल्यानंतर जो भाग उरतो त्याला सगळे स्टंपच म्हणतात. हा स्टंप पहिले बरेच महिने आटत राहतो. पुढेही माणूस वाळला की तो बारीक होतो, सुटला की फुगतो. पाय ज्या कवचात बसतो ते सॉकेट मात्र कडक, त्याचा आकार बदलत नाही. ते ढिलं झालं की घासतं, घासलं की कातडी सोलते, आणि एकदा जखम झाली की पाय कोपऱ्यात आणि माणूस बाजेवर. त्यात आपला मे महिना. ४५ अंशांच्या उन्हात लायनरच्या, म्हणजे स्टंपवर चढवायच्या मऊ अस्तराच्या, आत घामाचं पाणी साचतं आणि चालता चालता पाय निसटतो. पावसाळ्यात पांदण रस्त्यावरची काळी माती नकली पावलाला अशी धरते की धड पायाचा माणूसही जिथे चप्पल हातात घेतो तिथे याने काय हातात घ्यायचं? वावरात जाता येत नाही म्हणजे नुसती मजुरी बुडते असं नाही. शेतकऱ्याच्या घरात वावरात न जाणारा पुरुष हळूहळू निर्णयातूनही जातो. बी कोणतं घ्यायचं, कापूस कधी विकायचा, हे भाऊ त्याला न विचारता ठरवू लागतो.

कमरेखालची जाणीव गेलेल्याचं याहून अवघड. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला, कुल्ल्याला बेडसोअर होतात आणि जाणीवच नसल्याने त्याला स्वतःला कळत नाही. लघवीच्या नळीची स्वच्छता चुकली की थंडी-ताप, मग मूत्रपिंडावर परिणाम. अशा दुखण्यात माणूस बऱ्याचदा मूळ गोळीने दगावत नाही, पुढे कित्येक वर्षांनी या जखमांनी आणि संसर्गाने दगावतो. तेव्हा मात्र बंदुकीची सलामी नसते.

आर्वी तालुक्यातल्या एका गावात मी एक प्रसंग पाहिला. आर्मी मेडिकल कोअरमधून नर्सिंग असिस्टंट म्हणून निवृत्त झालेला एक हवालदार सीआरपीएफच्या एका जखमी जवानाकडे आला होता. गावात त्याला सगळे 'मेजर' म्हणतात. आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. त्याने जवानाला अंगणात बाजेवर बसवलं, पाय काढायला लावला, लायनर उलटा करून नाकाजवळ नेला. मग मोबाइलच्या उजेडात स्टंप फिरवून फिरवून पाहिला. एका जागी लाल चट्टा होता. त्यावर अंगठा दाबला, सोडला, आणि लाली परत कशी येते ते पाहत राहिला.

"काऊन रे, कवापासून टोचते?"

"पोयापासून."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"पुण्याले जा लागीन म्हनून."

"काही नाही जा लागत. पाय नाही बिघडला, तू वाळला."

पिशवीतून त्याने एक लोकरी मोजा काढला, स्टंपवर चढवला, वर सॉकेट बसवलं आणि जवानाला तुळशीपासून गोठ्यापर्यंत चालवलं. मान हलवली. आणखी एक पातळ मोजा चढवला, पुन्हा चालवलं. चट्ट्याला चार दिवस आराम, रात्री पाय काढून धुणं-वाळवणं, आणि लाली तशीच राहिली तर फोन. हे सगळं व्हायला अर्धा तासही लागला नाही. तेवढ्यात पुण्याची एक फेरी वाचली. महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये एक रात्र आणि वर अर्धा दिवस, सोबत बायको म्हणजे तिची मजुरी बुडालेली, लेकरं शेजाऱ्याकडे, आणि तिथे पोचल्यावर कदाचित हाच मोजा.

या कामाचे त्या हवालदाराला पैसे किती मिळतात? काहीच नाही, पेट्रोलही स्वतःचं. पोटासाठी तो रात्री एका एटीएमवर पहारा देतो. अंगठ्याने जखम ओळखणारा माणूस आपण काचेच्या खोलीत यंत्राची राखण करायला बसवला आहे. यात तोटा त्याचा आहेच, पण त्याहून जास्त आपला आहे.

फौजेतला शिपाई पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. हातात पेन्शन असते, पण मुलं शाळेत असतात आणि अंगात काम करायची रग असते. पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीआधी त्याला २४ आठवड्यांपर्यंतचे अभ्यासक्रम देतं. सुरक्षेचे, संगणकाचे, व्यवस्थापनाचे. गावाकडे परतल्यावर त्यातून बहुतेकांच्या वाट्याला येतो तो पहारा: बँक, टोलनाका, गोदाम, कॉलेजचं फाटक. त्याच २४ आठवड्यांत, ज्यांची इच्छा आणि पिंड आहे त्यांना, स्टंपची निगा, बेडसोअर, नळी, व्हीलचेअर, पेन्शनची कागदपत्रं आणि समोरच्याचं ऐकून घेणं शिकवा. अर्धा काळ पुण्या-खडकीच्या केंद्रांत, अर्धा जिल्हा रुग्णालयात. नवी इमारत बांधायची गरज नाही, आणि हीच या योजनेची अडचणही असू शकेल, कारण ज्यात भूमिपूजन नाही त्यात पुढाऱ्यांना रस कमी.

हे काम सेवा म्हणून का करू नये, असं मला एका ज्येष्ठ माणसाने विचारलं. प्रश्न खोडसाळ नव्हता. तुकडोजी महाराजांच्या मुलखात सेवा म्हटल्यावर मोबदल्याची गोष्ट काढणं लोकांना खरोखर ओशाळवाणं वाटतं. शिवाय माजी सैनिकाला पेन्शन आहेच, मग वर पगार कशाला?

याचं उत्तरही विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बालमृत्यू कसे घटले ते जगाने पाहिलं, आणि पुढे तीच पद्धत देशभर 'आशां'च्या कामात आली. दूरच्या तज्ज्ञाचं नेमकं तेवढंच कौशल्य जवळच्या माणसाच्या हाती दिलं तर ते चालतं, हे आपण जगाला दाखवलं. पण त्यानंतर काय झालं? सरकारने आशांना कर्मचारी न म्हणता स्वयंसेविका म्हटलं, कामागणिक मोबदला लावला, आणि मग एकेक काम वाढवत नेलं. २०२४ च्या सुरुवातीला त्याच आशा मानधनासाठी मुंबईच्या आझाद मैदानात बसल्या होत्या. सेवाभाव त्यांच्यात कमी होता म्हणून नव्हे. फुकटच्या माणसाला कुणी प्रशिक्षण देत नाही, त्याच्या चुकीचा जाब कुणी विचारत नाही, आणि त्याचं येणं बंद झालं तर तक्रार करायला जागा नसते. आर्वीचा तो हवालदार उद्या आजारी पडला, किंवा त्याच्या बायकोने म्हटलं की पुरे झाली लोकांची पायपूस, तर त्या जवानाने कुणाचं दार वाजवायचं?

सोबतीचा माणूस लागतो हे सरकारला पटवून द्यायचीही गरज नाही, कारण ते त्याने केव्हाच मान्य केलं आहे. १०० टक्के अपंगत्व आलेल्या आणि कायम दुसऱ्याच्या आधाराची गरज असलेल्या जवानाला पेन्शनसोबत सतत सोबतीचा भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगाने तो दरमहा ६,७५० रुपये केला. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर तो २५ टक्क्यांनी वाढून ८,४३८ झाला. दिवसाला २८१ रुपये. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी होती ३१२. म्हणजे बांध घालणाऱ्याचा दिवस जखमी सैनिकाची कूस रात्रंदिवस बदलणाऱ्यापेक्षा महाग. आणि पैसे असले तरी गावात माणूस मिळतो कुठे? सोयाबीनच्या हंगामात तर घरचं माणूसही घरी राहत नाही. भत्ता घरात गेला पाहिजेच, पण कौशल्य असलेला माणूसही दारात आला पाहिजे.

तो फौजेतलाच का हवा, हा प्रश्न रास्त आहे. प्रशिक्षित परिचारक का नको? मिळाला तर जरूर घ्या. पण जखमी जवान डॉक्टरपुढे खोटं बोलतो, हे फौजी दवाखान्यात काम केलेला कुणीही सांगेल. 'ठीक हूँ साहब' हे त्याच्या तोंडात वर्षानुवर्षं बसलेलं असतं. दुखतं म्हणालं की वैद्यकीय कॅटेगरी खाली जाईल, हलकी ड्यूटी मिळेल, साथीदार हसतील. घरी आल्यावरही ते सुटत नाही. ज्याने स्वतः ते वाक्य शेकडो वेळा ऐकलं आणि उच्चारलं आहे, त्याच्यापुढे ते टिकत नाही. पोळ्यापासून टोचत असलेली गोष्ट त्या अंगणात निघाली ती त्यामुळेच.

तरीही प्रत्येक माजी सैनिक या कामाला योग्य नाही, हेही मी तितक्याच जोराने म्हणेन. काहींना निवृत्तीनंतरही समोर शिपाईच दिसतो; ते हुकूम सोडतात, ऐकून घेत नाहीत. काहींना जखमी माणसाकडून लढाईचे किस्से हवे असतात. आणि कॅन्टीनच्या रमचा विषय आपण उगाच झाकून ठेवतो. रात्री झोप लागत नाही, गेलेला पाय अजून तिथेच असल्यासारखा ठणकतो, फटाक्याच्या आवाजाने अंग थरथरतं, आणि घरात कपाटात स्वस्तातली बाटली आहे. मदतीला आलेला दोस्त जर ग्लास घेऊनच बसणारा असेल तर मदत न आलेली बरी. निवड करताना तपासायचं असेल तर हे तपासा. उंची-छाती मोजून काही उपयोग नाही. झोप न येणाऱ्याला टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फिरवून देणं आणि तो बोलेपर्यंत शेजारी बसणं, हेही या नोकरीचंच काम आहे.

कागदांची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती लोकांना निदान ठाऊक तरी असते. वैद्यकीय बोर्डाने अपंगत्व २० टक्के वा जास्त धरलं आणि ते सेवेमुळे आलं किंवा सेवेने बळावलं असं लिहिलं, तर पेन्शनमध्ये त्याचा भाग मिळतो. 'सेवेशी संबंध नाही' असा शेरा पडला की खेड्यातला माणूस कपाळाला हात लावून गप्प बसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग प्रकरणात स्पष्ट केलं होतं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं, आणि उलट सिद्ध करण्याचा भार नोकरी देणाऱ्यावर. २०२३ च्या सप्टेंबरात नियम पुन्हा नव्याने आले. कोणत्या तारखेला सुटलेल्याला काय लागू, हे समजावून सांगणारं कुणीतरी तालुक्याला हवं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक असतात, ते स्वतः माजी सैनिकच असतात, पण अख्ख्या जिल्ह्याचा पसारा त्यांच्या गळ्यात.

आणखी एक भिंत आहे. सीआरपीएफचा जवान किंवा गडचिरोली पोलिसांच्या सी-६० मधला कमांडो हा सरकारी व्याख्येत माजी सैनिक नाही. १ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. अशा घटनांतून जे पाय गमावून वाचतात, त्यांच्यासाठी सैनिक कार्यालयाचं दार नाही, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड नाही. त्यांचं खातं वेगळं, मंत्रालय वेगळं. मी म्हणतो त्या माणसाने वर्दीचा रंग विचारता कामा नये. स्टंपला वर्दी नसते. त्यासाठी संरक्षण आणि गृह अशा दोन खात्यांनी एका टेबलावर बसावं लागेल आणि पगार कोणत्या खात्यातून द्यायचा यावर भांडण होईल. होऊ द्या. पगार राज्याने द्यावा, केंद्राकडून नंतर वसूल करत बसावं.

मग मळणीयंत्रात हात गेलेल्या शेतमजुराने काय करायचं? हा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो. त्याला ना सलामी, ना पेन्शन, अनेकदा ना कृत्रिम हात. जवानाला वेगळं काढून आपण त्याच्यावर अन्याय तर करत नाही ना? मला वाटतं, कामाची सुरुवात जवानापासून करणं सोयीचं आहे, कारण त्याच्यासाठी पैसा आणि जनमत दोन्ही तयार आहेत. पण एकदा तालुक्याला असा माणूस बसला की तो मजुराच्या स्टंपकडे पाठ फिरवणार नाही, आणि तसा लेखी नियमच असावा: आठवड्यातले दोन दिवस ग्रामीण रुग्णालयात, येईल त्याच्यासाठी.

खर्चाची आकडेमोड मी करून पाहिली. विदर्भात ११ जिल्ह्यांत मिळून १२० तालुके. तालुक्याला एक माणूस, महिना ३०,००० रुपये पगार धरला तर वर्षाला ४ कोटी ३२ लाख. पेट्रोल आणि पट्ट्या-मोजे धरून सहा कोटींच्या वर जाणार नाही. राज्याच्या अर्थसंकल्पात ही रक्कम शोधायला भिंग लागेल. दर डिसेंबरला अख्खं सरकार नागपुरात येतं, तेव्हा एखाद्या आमदाराने हे मांडायला काय हरकत आहे?

घाई करायला कारणही आहे. अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस भरत आली आहेत. त्यांतल्या ज्यांना कायम केलं जाणार नाही, त्यांना सुमारे पावणेबारा लाखांचा सेवा निधी मिळेल, पेन्शन नाही. सेवेमुळे अपंगत्व आलं तर प्रमाणाप्रमाणे ४४, २५ किंवा १५ लाख एकरकमी. पंचविशीतल्या पोराच्या हाती एकदम एवढे पैसे आले की काय होतं ते आपल्याकडे सांगायला नको: बहिणीचं लग्न, बापाचं कर्ज, भावाचा ट्रॅक्टर. पुढच्या पन्नास वर्षांत पाय पाच-सात वर्षांनी बदलावा लागतो, हे त्याला त्या दिवशी सांगणारं कुणी नसतं.

शेवटी माझ्याच मागणीतली एक खोट. जखमी जवानाची खरी परिचारिका त्याची बायको असते. तिची कंबर, तिची झोप, तिला अंथरुणात काय सोसावं लागतं, हे ती कुठल्याही निवृत्त हवालदाराला सांगणार नाही, तो कितीही भला असला तरी. म्हणून या १२० जागांपैकी निदान चाळीस बायकांसाठी ठेवाव्या लागतील. वीरपत्नी, जखमी जवानांच्या बायका, ज्यांनी हे काम वर्षानुवर्षं घरात फुकट केलं आहे, त्यांचा हक्क पहिला. आणि त्यांच्यासाठी फौजेतल्या नोकरीची अट काढून टाकावी लागेल.